काकूंची मोडतोड

काकूंनी स्वतःच्या घरातली पहिली वस्तू मुद्दाम बिघडवली, ती एका मंगळवारी सकाळी, काका अंघोळीला गेलेले असताना. कपाटाच्या दाराची मूठ होती. तिचे स्क्रू त्यांनी शिवणयंत्राच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने सैल केले, मूठ मान टाकून लोंबायला लागली, आणि काकू स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरायला बसल्या. कुणाचं दुकान फोडून आल्यासारख्या त्या मान वर करत नव्हत्या. कांद्याचं एक बरं असतं, डोळ्यांत पाणी का आलं ते कुणी विचारत नाही.

काका बाहेर आले, कपाट उघडायला गेले आणि मूठ त्यांच्या हातात आली.

"हे बघ! हे बघ!" ते तिथूनच ओरडले. "याला म्हणतात आजकालचा माल! दाखवायला चकचकीत, आत सगळा पोकळ कारभार!"

कपाट लेकीच्या लग्नाच्याही आधीचं होतं. पण काकूंनी ते बोलून दाखवलं नाही. "अगंबाई, खरंच की," एवढंच म्हणाल्या आणि कान टवकारून बसल्या. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि काकूंचा जीव भांड्यात पडला.

काकांना सगळी गल्ली फिटरकाका म्हणायची. उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून गेली, निवृत्त झाले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस मनाने सरळ, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. घरात दाराची, नळाची, पंख्याची जरा कुरकुर झाली की काका उठलेच. बाहेरचा माणूस बोलवायचा शब्द काढला तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा ते गावाला गेलेले असताना काकूंनी नळवाल्याकडून वायसर बदलून घेतला. काका परत आले, हातपाय धुतले, नळ उघडला, तोच वायसर काढून तोच पुन्हा बसवला आणि म्हणाले, "आता बसला."

पेटी त्यांनी स्वतःच बनवलेली होती, जाड फळ्यांची, कोपऱ्यांना पत्रा मारलेली. आत प्रत्येकाची जागा ठरलेली. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर, ज्याची मूठ काकांच्या तळव्याने घासून घासून गुळगुळीत झाली होती. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने निजवलेले पाने. दांडा बदललेली हातोडी. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या कानशी. आणि सगळ्यांत वर, निळ्या रबरी मुठींची पकड. ही काकांची खास लाडकी. "घरात पहिला नंबर लेकीचा, दुसरा या पकडीचा आणि उरलासुरला माझा," असं काकू पाहुण्यांना सांगायच्या, आणि काका ते कधी खोडून काढायचे नाहीत. पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. काकूंनी इतक्या वर्षांत तो मोडला नव्हता. पलंगाखालची धूळ झाडतानासुद्धा त्या पेटीला वळसा घालून झाडत.

चेष्टा करायच्या, पण मनातून काकू त्या हत्यारांच्या ऋणी होत्या. लोकांचे कपडे शिवून त्यांनी घराला हातभार लावला, तो त्या मशिनवर. आणि ते मशिन एकही दिवस बंद पडून राहिलं नाही ते या पेटीमुळे. एकदा शिवताना सुई त्यांच्या बोटात आरपार घुसून मोडली होती. डॉक्टरकडे जायचं म्हणून लेक रडायला लागली, तेव्हा काकांनी ही निळी पकड उकळत्या पाण्यातून काढली आणि "तिकडे बघ, गॅस चालू राहिलाय का?" असं म्हणेपर्यंत सुई बाहेर. काकूंना कळलंसुद्धा नाही. एवढा राकट हात, पण कामाला लागला की फुलासारखा हलका व्हायचा. त्या हाताने हे घर सांभाळलं होतं, आणि काकूंना ते रोज, अगदी दाराची कडी लावतानाही जाणवायचं.

तोच हात मोडला. पंख्याचं कसलंसं करायला काका स्टुलावर चढले, स्टूल कलंडलं आणि उजवं मनगट गेलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाताची बोटं लाकडाची झाली होती. व्यायाम शिकवायला एक फिजिओवाली मुलगी यायची. तिने रबरी चेंडू दिला आणि म्हणाली, "आजोबा, हा रोज दाबायचा."

आजोबा म्हटलं तिथेच बिनसलं. त्यात चेंडू! "मी काय रांगतोय का?" असं म्हणून काकांनी तो फडताळात टाकला, तो पुन्हा बाहेर आला नाही. निघताना त्या मुलीने काकूंना दारात गाठून सांगितलं, "आजी, खरं सांगू? हे पुढचे काही आठवडेच काय ते. आत्ता बोटं वापरली तर मोकळी होतील. नाहीतर मूठ कायमची अशीच अर्धी राहील."

त्यानंतरच्याच रविवारी लेक आणि जावई आले होते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. काकांनी ऐटीत पेटी काढली, निळी पकड उचलली, नळाला लावली, आणि ती हातातून निसटून खणकन फरशीवर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. जावई धावत आला. "राहू द्या बाबा, मी करतो ना," म्हणाला. मुलगा सोन्यासारखा, सासूसासऱ्यांवर जीव टाकणारा, कॉम्प्युटरवर काय काय करायचा. पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो, हे त्याला दर वेळी नव्याने शोधून काढावं लागायचं. त्याने पकड घेतली आणि नळ उलटा पिळला. पाण्याचा फवारा छतापर्यंत गेला. एरवी काकांनी त्याची अशी काही फिरकी घेतली असती की विचारू नका. त्या दिवशी त्यांनी नुसता मुख्य वॉल्व्ह बंद केला, हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, ही पेटी तुम्ही घेऊन जा. इथे आता हिचं काय काम?"

"अहो, असं काय करताय?" काकू म्हणाल्या.

"सांगितलं ते सांगितलं."

जावई स्कूटरवर आला होता, आणि पेटी उचलायला दोन माणसं लागत. पुढच्या खेपेला गाडी घेऊन येतो, म्हणाला. तेवढी ती मुदत मिळाली. त्या रात्रीपासून काका खिडकीपाशी बसून राहायला लागले, उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. काकूंना त्यांच्याकडे बघवेना. पेटी गेली की हा माणूस आणि हा हात, दोन्ही असेच खिडकीत बसून राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मग कुकरचा दांडा सैल झाला. हा मात्र खरोखरीच झाला होता, यात काकूंचा काही हात नव्हता. त्यांनी मशिनच्या खणातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणला. सुईचा स्क्रू आवळायला मशिनबरोबर मिळालेला तो, बोटभर लांबीचा. घरात हत्यार म्हणून काकूंच्या मालकीचं तेवढं एकच. त्या त्याने दांड्याशी खटपट करत होत्या, तोच काका मागे येऊन उभे राहिले.

"अगं, काय चालवलंयस! एवढ्याशा टोकाने हा स्क्रू आवळतात का? खाच खराब होईल त्याची. सर तिकडे!"

आणि पेटी उघडली. लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर उजव्या हातात धरला, डाव्याने त्याला आधार दिला आणि आवळायला लागले. दोनदा निसटला. कपाळावर घाम आला. काकू पाठ वळवून भांडी लावत राहिल्या, कारण बघितलं असतं तर काकांनी सोडून दिलं असतं. शेवटी दांडा घट्ट झाला. काकांनी हात समोर धरला आणि बोटं मिटून बघितली, उघडून बघितली. चेंडूला जे जमलं नव्हतं ते कुकरने करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कपाटाची मूठ ढिली झाली.

एकदा चटक लागल्यावर काकू कुणाला ऐकतात? बुधवारी पातेल्याच्या झाकणाची गुंडी. मग दाराची कडी. मग वापरात नसलेल्या जुन्या बॅगेचं कुलूप, जे कुणी उघडतही नव्हतं. पण "अहो, बॅगेचं कुलूप खिळखिळं झालंय" म्हटल्यावर काका उठलेच. काका अंघोळीला गेले की काकू कामाला लागत. गल्लीत कुणी विचारलं, "काय काकू, सकाळी सकाळी कसल्या गडबडीत?" तर "घरकाम!" म्हणत. खोटं बोलत नव्हत्या. हयात गेली होती घर सांभाळण्यात, आता ते जरा खिळखिळं करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजाही यायला लागली होती. फक्त एक गोष्ट होती. काकांना कळलं तर? बायको आपल्याला खेळणी हातात देऊन गुंतवून ठेवते आहे, हे त्या मानी माणसाला कळलं असतं, तर पेटी जावयाची वाट न बघता त्याच दिवशी भंगारात गेली असती. म्हणून काकू डाव मांडत आणि जीव मुठीत धरून बसत.

काका मात्र तोंडाने आग ओकत होते. कडीवाला कारखानदार, झाकणवाला कारखानदार, सगळ्यांचा उद्धार चालला होता. "या लोकांना माझ्या हाताखाली आठ दिवस द्या," ते म्हणायचे, "आवळणं म्हणजे काय ते शिकवतो!" आणि बोलता बोलता हात चालत असायचा. एके सकाळी त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं, पण लावली. काकूंनी ते बघितलं आणि चहात दोनदा साखर घातली. काकांनी तो गोडमिट्ट चहा पिऊन टाकला.

अशी सगळी सुधारणा दिसत असताना काकूंनी एकदा हळूच खडा टाकून बघितला. "अहो, आता हात बरा आहे. जावयांना सांगू का, पेटी नको म्हणून?"

काकांनी मान हलवली. "स्क्रू पिळणं म्हणजे काय काम झालं? पकड धरता येत नाही तोवर हात कसला आणि फिटर कसला. दिलेला शब्द मोडायचा नाही मला."

खरंच होतं ते. इतक्या दिवसांत त्यांनी निळ्या पकडीला हात लावला नव्हता. ती तशीच वर पडलेली असायची, काका तिला बाजूला सारून खालचं काढून घ्यायचे. एकदा पडली ती पुन्हा पडली तर, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती, आणि काकूंना ती समजत होती. आता त्यांना असं काहीतरी ढिलं करायचं होतं, जे पकडीशिवाय आवळताच येणार नाही.

जेवणाच्या टेबलाच्या लोखंडी खुर्च्या होत्या. त्यांच्या पायांना आरपार बोल्ट. वरून स्क्रू-ड्रायव्हर लावायला खाच, खालून नट, तोही अशा कोपऱ्यात की पाना फिरणार नाही. एका बाजूने पकडीने धरायचं, दुसऱ्या बाजूने पिळायचं, तरच काम होतं. शनिवारी संध्याकाळी काका कोपऱ्यावर गप्पा मारायला गेले आणि काकूंनी एक खुर्ची उलटी पाडली. पण धरायला पकड पाहिजे, आणि पकड पेटीत. पेटीला हात लावायचा नाही! घरभर मोडतोड करणाऱ्या बाईने हा कायदा मात्र पाळला. त्यांनी भांडी उचलायची सांडशी आणली. सांडशीने नट धरला, मशिनच्या स्क्रू-ड्रायव्हरने बोल्ट पिळला. सांडशी घसरली, नटाच्या कडा खरवडल्या. छोटं टोक घसरलं, खाचेचा पार चुराडा झाला. घामाघूम होऊन काकूंनी दोन बोल्ट सैल केले, खुर्ची सुलटी केली आणि कुणी बसू नये म्हणून भिंतीकडे सरकवून ठेवली. सोमवारी काकांना दाखवायची, असं ठरलं.

रविवारी सकाळी दारात गाडी वाजली. जावई आला होता, लेकीला घेऊन, न कळवता. "म्हटलं, एकदाची पेटी नेऊन टाकावी. बाबांची अडचण कशाला," तो हसत म्हणाला. काकूंच्या हातातला चमचा खाली पडला. इतक्यात? एकच दिवस आणखी मिळाला असता तर! काका उठले, "बरं झालं आलात" म्हणाले, आणि स्वतःच पलंगाखालून पेटी ओढून बाहेर आणून ठेवली. ओढताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

काकूंचं डोकं असं सुन्न झालं की त्यांना पाहुण्यांना बसा म्हणायचंही सुचलं नाही. चहा टाकला, कप काढले, आणि मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. भिंतीकडची खुर्ची.

"अहो, त्या—" एवढंच काकू म्हणाल्या.

जावई बसला. खुर्चीचा एक पाय इकडे गेला, एक तिकडे, आणि जावई हातातल्या फोनसकट जमिनीवर. लेक धावली, काकू धावल्या. लागलं काही नव्हतं, जावई बिचारा बसल्या जागी हसत होता. पण काका तोवर खुर्चीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी ती उलटी केली. खिशातून चष्मा काढून लावला.

काकूंना आता पळून जावंसं वाटलं. तो चुराडा झालेला बोल्ट आणि त्या खरवडलेल्या कडा. फिटरच्या डोळ्यांना तिथे सगळं वाचता येत होतं.

लेकही वाकून बघत होती. बापाची लेक ती, नजर तीच. "बाबा, हे बघा, हे आपोआप नाही झालेलं. याच्या खाचेची कुणीतरी पार वाट लावलीय. आणि नटावर हे दात कसले? कुणी केलं हे?"

काकांनी चष्म्यातून काकूंकडे बघितलं. एकदाच. काकू ओट्याला धरून उभ्या होत्या.

"मी," काका म्हणाले. "मीच केलं. परवा आवळायला घेतली होती. हात घसरला माझा. एकदा नाही, चांगला चारदा घसरला."

काकूंना तर स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. जो माणूस पकड हातातून पडली म्हणून पेटीची जन्माची साथ सोडायला निघाला होता, तो लेकीदेखत, जावयादेखत म्हणत होता, माझा हात घसरला. त्या एका वाक्याची त्याला काय किंमत पडली असेल, हे त्या खोलीत फक्त काकूंना माहीत होतं. गॅसवर चहा उतू गेला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"बाबा, मग मी बघू का?" जावई उठत म्हणाला.

"तुम्ही चहा प्या, बापू." काकांनी बसल्या बसल्या पेटी जवळ ओढली. झाकण उघडलं. या वेळी त्यांनी काही बाजूला सारलं नाही. वरची निळी पकड उजव्या हातात घेतली. बोटं तिच्याभोवती हळूहळू मिटली. पकड थरथरत होती, सगळ्यांना दिसत होतं. काकांनी ती नटाला लावली, डाव्या हाताने स्क्रू-ड्रायव्हर उरल्यासुरल्या खाचेत रोवला, दात-ओठ खाल्ले आणि पिळलं. जावई लेकीने ओतून दिलेला चहाचा कप हातात धरून उभा होता, प्यायचं विसरला होता. एक बोल्ट बसला. दुसऱ्याला वेळ लागला, मध्ये काका दम खायला थांबले, पण पकड काही त्यांनी खाली ठेवली नाही. मग खुर्ची सुलटी करून ते स्वतः तिच्यावर बसले आणि मागेपुढे हलून बघितलं.

"आता बसली," ते म्हणाले.

लेक टाळ्या वाजवायला लागली आणि मग तिलाच रडू आलं. जावयाने कप ठेवला. "मग बाबा, पेटी...?"

"ती राहू दे. घरात अजून पुष्कळ ढिलं आहे," काका म्हणाले. "दिलेला शब्द मोडतोय, माफ करा. तुम्हाला नवीन घेऊन देतो, आणि शिकवतो पण. आधी स्क्रू कुठे फिरतो ते."

"ते आलंय आता, उजवीकडे सुटतो," जावई म्हणाला, आणि लेकीने कपाळावर हात मारला.

पाहुणे दुपारी जेवून गेले. काकूंनी भांडी आवरली, ओटा दोनदा पुसला, नंतर पुसायला काही उरलं नाही म्हणून बाहेर आल्या. आता बोलणी खायची, असं मनाशी ठरवूनच आल्या होत्या. काका खिडकीपाशी, उजेडात, टेबल ओढून बसले होते. समोर तेलाचं फडकं पसरलेलं आणि त्यावर एक बारीक कानस.

"तुझा तो मशिनचा स्क्रू-ड्रायव्हर आण," ते म्हणाले.

काकूंनी तो आणून दिला. टोक पार बोथट झालं होतं, एका बाजूने तुटलंही होतं. कालपासून मशिनची सुईसुद्धा त्याने आवळता येत नव्हती. काकांनी तो उजेडात धरून सगळीकडून न्याहाळला.

"बिचाऱ्याने किती स्क्रू खाल्ले," ते म्हणाले. मग तो डाव्या हाताने टेबलाच्या कडेवर दाबून धरला आणि उजव्या हाताने कानस चालवायला लागले. हे पकड धरण्याहूनही अवघड काम. इथे जोर कामाचा नाही, हात एका रेषेत जायला पाहिजे. काकांचा हात मधूनच वाकडा जायचा. मग ते थांबायचे, बोटं मोकळी करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. काकू समोर बसून ते बघत राहिल्या. आज त्यांनी पाठ वळवली नाही.

"केव्हा कळलं तुम्हाला?" शेवटी काकूंनी विचारलं. "आज?"

"कपाटाच्या मुठीलाच. स्क्रूच्या डोक्यावर तुझ्या या टोकाचा ओरखडा होता."

"पहिल्याच दिवशी?" काकू जागच्या जागी उडाल्या. "आणि त्या कारखानदारांना एवढ्या शिव्या घातल्यात त्या?"

"त्या खऱ्याच होत्या. त्यांची तीच लायकी आहे."

काकूंना हसू आलं, आणि हसता हसता राग आला. इतके दिवस त्या जीव मुठीत धरून फिरल्या होत्या, आणि हा माणूस सगळं जाणून बॅगेची कुलुपं आवळत बसला होता! "मग बोलला का नाहीत? एका शब्दाने तरी विचारायचं!"

काकांनी टोकावरचा लोखंडाचा कीस फुंकरीने उडवला. बोटाने धार चाचपून बघितली आणि स्क्रू-ड्रायव्हर काकूंच्या हातात ठेवला.

"बोललो असतो," ते म्हणाले, "तर तू थांबली असतीस."